चौथा ठोका

रविवारी दुपारी चारला सगळ्यांनी कारखान्यात जमायचं ठरलं आणि या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळे वेळेवर आले. काहीतरी विपरीत घडणार, हे धाकट्यानं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

कारखाना दारांचा. चारी भिंतींना टेकून शंभरएक दारं उभी, पण खुद्द कारखान्याला दार नव्हतं. धाकट्याच्या वडिलांनी, आबांनी, सुरुवातीला गोणपाटाचा पडदा लावला तो लावलाच. “आपलं दार करायला घेतलं की नेमकं गिऱ्हाईक येतं,” असं ते म्हणायचे, आणि पन्नास वर्षं नेमकं गिऱ्हाईक येत राहिलं. आबा गेले, पडदा राहिला. आता त्या पडद्यावर चार रजया लटकत होत्या, कारण रस्त्यावरचे हॉर्न थोरल्याच्या गाण्यांत शिरत होते. गेला महिनाभर कारखान्याचं काम बंद होतं आणि रंध्याच्या टेबलावर रेकॉर्डिंगची यंत्रं मांडली होती.

“काका, हात खिशात का?” छोटीनं हळूच विचारलं. ती थोरल्याची मुलगी. तीस वर्षांची घोडी झाली तरी छोटीच. रेकॉर्डिंग करणं हा तिचा धंदा, आणि बापाची ही शेवटची रेकॉर्ड तीच करत होती.

“गार वाजतंय,” धाकटा म्हणाला.

“घाम फुटलाय तुला.”

“मग घामानं गार वाजतंय. तू तुझी बटणं बघ.”

डाव्या करंगळीवर लाल वळ उठला होता, तो दिसू नये म्हणून हात खिशात होता. त्या वळाची गोष्ट येईलच.

थोरला मधोमध, आबांच्या स्टुलावर बसला होता. एकसष्ट वर्षांचा, पांढरी दाढी, काळं चामड्याचं जाकीट. विसाव्या वर्षी तो एका रॉक बँडबरोबर घराबाहेर पडला आणि पंचविशीत ‘करवत’ या नावानं गाजला. त्याची गिटार लाकूड चिरत जावं तशी वाजायची. एका मैदानात त्यानं अशी तार ओढली म्हणतात, की खांबावरचे चार दिवे फुटले आणि समोरच्या इमारतीवरची झाडून सगळी कबुतरं उडाली. त्यातलं एकच परत आलं, तेही बहिरं. खरंखोटं त्या कबुतराला ठाऊक. पण थोरल्याला करवतीनं नाव दिलं आणि धाकट्याचं पाऊल नेलं, एवढं मात्र सोळा आणे खरं.

ती गोष्ट घरात एकाच पद्धतीनं सांगितली जायची: पातं जुनं होतं, तुटलं, पायावर आलं. न सांगितला जाणारा भाग लहानसाच होता. लांब ओंडका करवतीला लावताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो. त्या दुपारी ते टोक थोरल्यानं धरायचं होतं. एका बँडला गिटारवाला हवा होता, म्हणून “आलोच” म्हणत तो सटकला. धाकट्यानं एकट्यानंच ओंडका लावला. टोक कललं, पातं पिळलं आणि तुटलं. हॉस्पिटलात आबांनी विचारलं, तेव्हा सतरा वर्षांचा धाकटा म्हणाला, “मीच म्हटलं त्याला, जा.” त्या एका वाक्यावर हे घर चाळीस वर्षं उभं होतं. पुढे त्यानं स्वतःचं उजवं पाऊल स्वतःच लाकडात कोरलं. आताचं चौथं. हवा दमट झाली की ते कुरकुरायचं, आणि शेजारीपाजारी त्या कुरकुरीवरून कपडे आत घ्यायचे.

“मग? सुरू करायचं का?” थोरला मोठ्यानं म्हणाला. हल्ली तो सगळंच मोठ्यानं म्हणायचा. “दहा गाणी ऐकू, मग अकरावं वाजवतो, की झालं. उद्या सकाळी कंपनीचा माणूस येणार न्यायला.”

“चहा घेऊन मग,” वहिनी म्हणाली. ती थोरल्याची बायको.

“काय?”

“चहा!” तिनं त्याच्यासमोर येऊन ओठ नीट हलवत सांगितलं.

“मग पुटपुटतेस कशाला? या घरात सगळे पुटपुटायला लागलेत.”

हीच तर गोम होती. चाळीस वर्षं डोंगराएवढ्या स्पीकरांपुढे उभं राहून थोरल्याचा उजवा कान कायमचा गेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. वहिनीला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. छोटीला महिन्याभरापूर्वी कळलं, पहिल्या गाण्याच्या पहिल्याच ओळीला.

गाणी ब्लूजची होती, आबांची लाडकी. एका बंद पडलेल्या नाचघराची दारं उतरवताना आबांना माळ्यावर खोकंभर रेकॉर्डी सापडल्या होत्या. दूरदेशीच्या काळ्या मजुरांनी गायलेली गाणी. कुणाचं घर पुरात गेलेलं, कुणी तुरुंगात खडी फोडतोय, कुणाची बायको आगगाडीत बसून निघून गेलेली. आबांना भाषा अर्धीच कळायची. “माणूस रडतोय का हसतोय तेच कळत नाही. म्हणजे गाणं अस्सल,” असं ते म्हणायचे. दाराच्या उरलेल्या फळ्यांतून त्यांनी गिटार केली, बाटलीची मान कापून करंगळीत घालायची काचेची नळी केली, आणि दोन्ही पोरांना शिकवलं. थोरल्याला मरायच्या आत एकदा तीच गाणी, त्याच कारखान्यात, त्याच नळीनं वाजवायची होती. “आयुष्यभर दुसऱ्यांनी रचलेल्या गोंगाटात हात घातला,” तो वहिनीला म्हणाला होता, “ही एक रेकॉर्ड माझ्या हातांची राहू दे.”

पण काचेची नळी तारेवर घसरते, तिथं बोट टेकायला खूण नसते. सूर कुठं थांबवायचा, हे फक्त कान सांगतो. आणि कान तर सांगत नव्हता. पहिल्या दिवशी थोरला डोळे मिटून, जीव ओतून, पार बेसूर वाजवत होता. वाजवून झाल्यावर त्यानं लहान मुलासारखं वर पाहून विचारलं, “कसं झालं?”

“झकास, बाबा,” छोटी म्हणाली.

तिथं सगळं बिघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला दवाखान्यात गेलेला असताना ती म्हणाली, “काका, जरा वाजव ना. माइक तपासायचाय.” माइकला काही झालं नव्हतं. धाकटा रोज जेवणाच्या सुट्टीत, लाकडाच्या भुशात बसून, कोणी ऐकत नसताना चाळीस वर्षं हीच गाणी वाजवत आला होता, हे तिला ठाऊक होतं. त्यानं वाजवलं. छोटीनं कानावरचे हेडफोन काढले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुढच्या तीन आठवड्यांत रोज दुपारी थोरल्यानं वाजवायचं आणि रोज सकाळी, तो यायच्या आत, धाकट्यानं तेच गाणं पुन्हा वाजवायचं, असं चाललं. गळा थोरल्याचा राहिला. तो मागाहून वेगळा रेकॉर्ड केला होता, आणि त्याचं खरखरणं त्या गाण्यांना शोभतही होतं. हात सगळे धाकट्याचे. थोरल्याची नळी धाकट्याच्या सुतारी करंगळीला घट्ट व्हायची. लाल वळ तिचाच.

धाकट्याला लाज वाटत होती का? वाटत होती. पण गंमत अशी, की चाळीस वर्षांत इतकी गाढ झोपही त्याला कधी लागली नव्हती.

“लाव,” थोरला म्हणाला.

त्यानं स्पीकरच्या खोक्यावर उजवा तळहात सपाट ठेवला. हे तो हल्ली नेहमी करायचा. मान डोलवत बसायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं, ऐकतोय.

पुराचं गाणं सुरू झालं. काचेच्या नळीखाली तार हुंदका द्यावा तशी वर चढली आणि जिथं थांबायला हवं तिथंच थांबली. खाली पायाचा ठोका पडत होता. ब्लूज वाजवणाऱ्यानं पायानं फळीवर ताल धरायचा, हा आबांचा नियम. ती फळी अजून स्टुलाखाली खिळलेली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली दोघा भावांची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची, एकदम ताठ झाली. धाकट्यानं पाहिलं, तिनं बशी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

“आई, काय झालं?”

“काही नाही. गप ऐक.”

पहिलं गाणं संपलं. थोरल्यानं तळहात उचलला नाही. दुसरं सुरू झालं. अर्ध्यावर त्याच्या मानेचं डोलणं थांबलं. त्यानं डावा हातही खोक्यावर ठेवला. मग वाकून गाल टेकवला.

“बंद कर.”

छोटीनं बंद केलं.

“हा पाय कुणाचा?”

रजयांच्या पलीकडे रस्त्यावर एक हॉर्न वाजून गेला. तो थोरला सोडून सगळ्यांना ऐकू आला.

“तुझाच, बाबा. दुसरा कुणाचा असणार?” छोटी म्हणाली.

“मी चौथा ठोका कधी हलका मारलाय?”

“अहो, दमला असाल त्या दिवशी,” वहिनी मधे पडली. “एवढं काय त्यात—”

“एकदा दमीन. दर चौथ्याला दमतो होय मी?” त्यानं फळीवर बूट आपटला. धप, धप, धप, धप. चारही सारखे, चारही खिळा ठोकल्यासारखे. “हा माझा पाय. आणि खोक्यात येतोय तो चौथ्याला टाच जपतोय. या घरात टाचेला कुरूप एकाच माणसाच्या होतं.”

ठोका थोरल्याचाच ठेवलाय, असं धाकट्याला वाटत होतं. त्याला स्वतःला ठोका देता येत नसे. लाकडी पाऊल फळीवर आपटलं की दारावर कोणीतरी आल्यासारखं वाजायचं. त्यानं छोटीकडे पाहिलं. ती रडायच्या बेतात होती.

“तुझा ठोका गिटारच्याच माइकमधे शिरला होता,” ती म्हणाली. “वेगळा काढता येईना. मग आबांची एक टेप सापडली, तुम्हा दोघांच्या सरावाची. अर्धा तास नुसता आबांचा पाय. त्यातनं घेतला. खोकले मी सगळे काढले होते, बाबा. एकूण एक.”

“खोकला काढून माणूस निघतो होय गं?” कोपऱ्यातून आई म्हणाली. “पहिल्या गाण्यालाच आले ते. मी बशी सांभाळत बसले.”

थोरला हसला नाही. तो विचार करत होता, आणि त्याचा विचार आता कुठल्या वाटेला लागलाय हे धाकट्याला स्वच्छ दिसत होतं. वाट आखूड होती.

“माझा ठोका गिटारपासून वेगळा निघेना म्हणून ठोका बदललास,” थोरला सावकाश म्हणाला. “मग माझी गिटार कुठाय?”

छोटीनं यंत्राची वायर बोटाला गुंडाळली.

“मी बहिरा आहे. बावळट नाही.”

इतक्या वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर आला. वहिनी मटकन एका चौकटीवर बसली. थोरला उठला, धाकट्यासमोर आला आणि हात पुढे केला.

“खिशातला हात काढ.”

“दादा, जाऊ दे.”

“काय म्हणालास? तोंड वर करून बोल.”

“जाऊ दे म्हटलं!”

“काढ हात.”

धाकट्यानं हात काढला. थोरल्यानं ती करंगळी दोन बोटांत धरली आणि लाल वळावरून अंगठा फिरवला, दाराची कड तपासावी तसा.

“किती गाणी?”

“दहाही.”

“आणि तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.”

“मला नव्हतं,” आई म्हणाली. “मला आत्ता कळलं. पण हात धाकट्याचे आहेत हे पहिल्या ओळीलाच कळलं. मी काय कानानं ऐकते का तुम्हाला?”

“तुमच्यासाठीच केलं हो,” वहिनी उठून म्हणाली. “लोक हसले असते. चाळीस वर्षांचं नाव एका रेकॉर्डीत मातीत गेलं असतं. मीच छोटीला म्हटलं, कर. तिला बोलू नका.”

“आई, तू नाही, मी आधी—” छोटी तिला म्हणाली.

“तू गप गं.”

“दोघी गप!” थोरला ओरडला. मग एकदम हळू, इतका हळू की त्याला स्वतःलाही ऐकू आलं नसावं, म्हणाला, “ठीक आहे. गाणी राहू देत. चांगली असतील. त्याच्या हातची आहेत म्हणजे चांगलीच असतील. कव्हरवर त्याचं नाव घाला. माझं काढा.”

हे बोलून त्याला हलकं वाटलं असावं, कारण त्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. धाकट्यानं तो हात झटकला. आपण असं काही करू, हे धाकट्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

“नाव नको मला.”

“का नको? हक्काचं आहे.”

“चाळीस वर्षं दारं केली मी. एका दारावर माझं नाव नाही. लोक उघडतात, आत जातात. माझं काही अडलं नाही.” त्याचं लाकडी पाऊल फरशीवर वाजत होतं. “तू नाव देणार, मी घेणार, आणि मग फिटलं, असंच ना? त्या दिवसाचं फिटलं?”

“कुठल्या दिवसाचं?” वहिनी म्हणाली.

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ वाचायला शिकलेल्या माणसाची ही एक पंचाईत. नको असलेलंही तो वाचतो.

“मी तुला जा म्हणालो नव्हतो,” धाकटा म्हणाला, प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक शब्द समोर तोंड करून. “तू ‘आलोच’ म्हणालास. मी टोकाकडे बघत उभा होतो. बराच वेळ उभा होतो, दादा. मग लावला ओंडका.”

छोटी बापाकडे पाहत राहिली. वहिनीनं पदर तोंडाला लावला. एक आईच तेवढी हलली नाही.

“आबांना ठाऊक होतं,” ती म्हणाली. “मरेपर्यंत ठाऊक होतं. तू खोटं बोलतोस तेव्हा तुझा डावा कान हलतो, ते त्यांनी हॉस्पिटलातच पाहिलं. म्हणाले, पोरानं भावासाठी पाय दिलाय, आता त्याचं खोटंही आपण खरं मानून घेऊ.”

थोरला स्टुलावर जाऊन बसला. कारखान्यात एवढी दारं होती, पण एकातूनही बाहेर जायची सोय नव्हती.

मग त्यानं गिटार उचलली. आबांनी केलेली, दाराच्या फळ्यांची.

“अकरावं राहिलंय,” तो म्हणाला. “छोटी, यंत्र चालू कर. मी वाजवतो. यातलं काही बदलायचं नाही. ठोका नाही, सूर नाही, काही नाही. शपथ आहे.”

लाल दिवा लागला.

अकरावं गाणं आगगाडीचं. बायको निघून चाललीय, आणि माणूस फलाटावर उभा आहे. थोरल्यानं काचेची नळी चढवली, डोळे मिटले आणि वाजवलं. धाकट्यानं आयुष्यात इतकं वाईट काही ऐकलं नव्हतं. सूर कधी जागेच्या अलीकडे थांबायचा, कधी पलीकडे. गाडीची वाट बघणारा तो माणूस जणू भलत्याच फलाटावर उभा होता आणि त्याला ते कोणी सांगत नव्हतं. खाली बूट मात्र अचूक पडत होता: धप, धप, धप, धप. वहिनीनं डोळे मिटून घेतले. छोटीनं हेडफोन काढले नाहीत. शिक्षा भोगावी तशी ती ऐकत होती.

गाणं संपलं. थोरल्यानं डोळे उघडले आणि धाकट्याकडे पाहिलं. फक्त धाकट्याकडे.

“कसं झालं?”

छोटी पुढे सरकली. धाकट्यानं हातानं तिला थांबवलं. तो समोर गेला, वाकला, भावाच्या डोळ्यांच्या पातळीला तोंड आणलं.

“बेसूर, दादा.”

“किती?”

“पार. अथपासून इतिपर्यंत.”

थोरल्यानं मान हलवली. एकदा, दोनदा. मागच्या दोन वर्षांत त्याला कोणी काही खरं सांगितल्याचं आठवत नसावं, कारण त्या माराखालीही त्याचे खांदे जरा सैल झाले. त्यानं करंगळीतली नळी काढली. ती निघायला वेळ लागला. मग गिटार आणि नळी स्टुलापाशी ठेवून तो उठला आणि उठल्यावर कुठं उभं राहायचं ते त्याला कळेना. इतकी वर्षं हजारोंच्या गर्दीसमोर उभा राहिलेला माणूस, आबांच्या कारखान्यात त्याला हातभर जागा सापडेना. पडद्याकडे एक पाऊल टाकून तो थबकला.

“मी जरा बाहेर—”

“कुठं चाललास?” धाकटा म्हणाला.

थोरल्याची पाठ त्याच्याकडे होती. त्याला ऐकू आलं नाही. तेव्हा धाकट्यानं लाकडी पाऊल फळीवर आपटलं. दारावर कोणी आल्यासारखं वाजलं. फळीतून ते फरशीत गेलं आणि फरशीतून बुटात. थोरला वळला.

धाकटा स्टुलावर बसला होता. गिटार मांडीवर, नळी करंगळीत, वळाच्या बरोबर वर. गिटारची मान त्यानं थोरल्याच्या दिशेनं पुढे केली होती, ओंडका करवतीला लावताना करतात तशी. त्याच्या चेहऱ्यावर माफी नव्हती. रागही उरला नव्हता. कामाची वेळ झालेल्या सुताराचा चेहरा होता तो.

“टोक धर, दादा,” तो म्हणाला.

थोरल्यानं ते नीट वाचलं. मग येऊन समोर गुडघ्यांवर बसला आणि गिटारच्या शेंड्याला, जिथं तारा गुंडाळतात तिथं, दोन्ही हातांनी धरलं. छोटीनं कोणालाही न विचारता लाल दिवा तसाच राहू दिला.

“घट्ट धर,” कोपऱ्यातून आई म्हणाली. त्याला ऐकू येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

धाकट्यानं तार छेडली. थोरल्याच्या दोन्ही मनगटांपर्यंत काहीतरी चढत आलं, आणि त्यानं पकड सोडली नाही.